जेवायला जाणारी गर्दी

“लाल! पूल आजही लाल!” जिन्याच्या वरच्या पायरीवर फोन घेऊन बसलेला पाना ओरडला. “तीस गाड्या अडकल्यात. तळ्यावर जायचा बेत रद्द!”

“रद्द कसला? पूल रिकामा आहे!” गच्चीच्या कठड्यावर हनुवटी टेकवून ठिपकी म्हणाली. “एक स्कूटर आहे आणि एक कावळा. कावळासुद्धा निवांत चालत चाललाय!”

“फोन खोटं बोलत नाही!”

“मग काय मी बोलते?”

“मी बघतो! मी बघतो!” भोंगा किंचाळला, तसा खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

भोंगा म्हणजे ठिपकीचा धाकटा भाऊ. वय वर्षं नऊ, आवाज मात्र तीन माणसांचा. ठिपकी बारा वर्षांची. नाकाच्या शेंड्यावरच्या तिळाने तिला हे नाव मिळवून दिलं होतं आणि आता ते शाळेच्या बाईंच्याही तोंडी बसलं होतं. दोघं सुट्टीला आत्याकडे आली होती. पाना हा आत्याचा मुलगा, तेरा वर्षांचा. घरातली कुठलीही वस्तू खोलायची हा त्याचा छंद आणि ती परत न जोडता येणं ही त्याची अडचण.

तळ्यावर पोहायला जायचं तर पूल ओलांडावा लागे. पुलावर गाड्यांची गर्दी असेल तर सायकली बाहेर काढायच्या नाहीत, हा आत्याचा कडक नियम. फोनवर शहराचा नवा नकाशा बघायचा, पूल हिरवा असेल तरच निघायचं. दहा दिवसांच्या सुट्टीतले तीन दिवस पूल लालच होता!

भोंग्याने कठड्यावरून डोकावून पाहिलं. मग पानाच्या हातातला फोन पाहिला. मग परत पूल पाहिला. फोनवर तांबडी रेघ आणि तीस गाड्या. समोर उन्हात तापलेला, मोकळाढाकळा पूल. स्कूटर केव्हाच निघून गेली होती.

“गाड्या अदृश्य आहेत!” त्याने निकाल दिला.

“गप रे!” ठिपकी म्हणाली. पण तिच्या मनात काहीतरी टोचायला लागलं होतं. काल किती गाड्या होत्या? तीस. परवा? परवाही तीसच! एकोणतीस नाही, एकतीस नाही. अशी शिस्तीची गर्दी तिने जन्मात पाहिली नव्हती.

दुपारी आत्या जेवायला घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. एरवी आत्या घरात पाऊल टाकतानाच कुणाची तरी खोडी काढायची. ती अँब्युलन्स चालवायची, गेली सोळा वर्षं. सात नंबरची गाडी. आज तिने किल्ल्या खुंटीला अडकवल्या, खिशातून एक कागद काढला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला.

“तिसरी नोटीस,” ती म्हणाली. “घ्या, वाचा.”

आजोबांनी चष्मा लावला. आजोबा म्हणजे आत्याचे वडील. तेही ड्रायव्हरच, पण नकाशा खात्यात. रस्ते मोजणारी गाडी त्यांनी पस्तीस वर्षं चालवली होती.

“आता काय केलंस गं?”

“ऐका बाबा. पुलापलीकडून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा स्क्रीनवर पूल लाल. यंत्र म्हणालं, रेल्वे फाटकावरून जा. मी गेले. आठ मिनिटांच्या जागी सव्वीस मिनिटं लागली! दुसऱ्या वेळी तर त्या आजी थोडक्यात वाचल्या. घरच्यांनी तक्रार केली, आणि बरोबर केली. परवा तिसरा फोन आला. मी म्हटलं, खड्ड्यात गेलं यंत्र, आणि घातली गाडी पुलावर. पूल मोकळा! वेळेवर पोचले.”

“मग? चांगलंच झालं की!”

“चांगलं कसलं? स्क्रीनने सांगितलेला रस्ता मोडला म्हणून ही नोटीस!” आत्या हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. “दोनदा ऐकलं म्हणून उशीर. एकदा ऐकलं नाही म्हणून बेशिस्त. तिन्ही वेळा चूक माझीच. शनिवारी सुपरवायझर साहेब निर्णय देणार. गाडी काढून घेऊन औषधांच्या गोदामात बसवणार म्हणतायत.”

“पण तू साहेबांना सांगितलं नाहीस, पूल रिकामा होता म्हणून?” पानाने विचारलं.

“सांगितलं ना! ते म्हणाले, ‘स्क्रीनवर आहे म्हणजे आहे.’ आता त्यांच्या तीस गाड्यांपुढे माझ्या दोन डोळ्यांना कोण विचारतो?”

आत्या आणि गोदाम! जी आत्या लाल दिवा लावून सुसाट जायची आणि तरीही जिने कधी कुणाला साधं खरचटू दिलं नाही, ती खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसणार?

“आत्या,” ती एकदम म्हणाली, “आज सकाळीही पूल लाल होता. आणि आज सकाळीही तो रिकामा होता. आम्ही तिघांनी पाहिला!”

आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मुलांचं कोण ऐकतंय गं?” म्हणाली आणि हात धुवायला उठली.

बस! त्या क्षणी ठिपकीने ठरवलं, तळं गेलं उडत. शनिवारच्या आत ही गर्दी शोधून काढायचीच!

“आजोबा, यंत्राला रस्त्यावरची गर्दी दिसते कशी?” आत्या कामावर गेल्यावर तिने विचारलं.

“दिसत नाहीच मुळी,” आजोबा म्हणाले. “यंत्राला डोळे कुठायत?” एवढं बोलून ते गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि कपाटाच्या तळातून एक जड लोखंडी खोकं ओढून बाहेर काढलं. त्याला तळहाताएवढी हिरवट काच होती आणि खाली कॅसेट घालायची फट. पानाचे हात शिवशिवायला लागले.

“हात नाही लावायचा!” आजोबांनी बजावलं. “हे आमच्या गाडीत होतं. त्याच्या आधी मांडीवर कागदी नकाशा आणि शेजारच्या सीटवर भांडणारा माणूस, एवढ्यावरच गाडी चालायची. मग हे आलं. उपग्रह-बिपग्रह काही नाही. चाकाला मोजणी लावलेली आणि वर होकायंत्र. चाक किती फिरलं, गाडीचं तोंड कुठे वळलं, यावरून हे अंदाज बांधायचं की आपण इथे असणार. एका कॅसेटमध्ये अर्धंच शहर मावायचं. मग भर चौकात गाडी थांबवा, कॅसेट बदला आणि मागच्यांच्या शिव्या खा!”

“आणि उपग्रह?”

“ते नंतर. सुरुवातीला त्यांचाही शंभर पावलांचा घोळ असायचा. यंत्र म्हणायचं गाडी नदीत बुडालीय, आणि आम्ही काठावर चहा पीत उभे! म्हणून मग यंत्रांना एक युक्ती शिकवली. गाडी रस्त्याच्या बाहेर दिसली की ती चूक समजायची आणि तिला उचलून जवळच्या रस्त्यावर ठेवायची.”

“आणि आता?”

“आता सगळं उलटं झालंय. पूर्वी माणसं यंत्राला रस्ता सांगायची. आता रस्त्यावरच्या गाड्याच सांगतात. आपल्या शहरातल्या सगळ्या टॅक्सी, शाळेच्या बस, अँब्युलन्स, प्रत्येकीत काडेपेटीएवढी एक डबी बसवलीय. ती डबी सारखी ओरडत असते, मी इथे आहे, मी इथे आहे! डब्या पळाल्या की रस्ता हिरवा. थांबल्या की लाल.”

ठिपकी ताडकन उठली. “म्हणजे यंत्राला पूल दिसतच नाही! फक्त डब्या दिसतात!”

“शाबास! आणि पुढचं ऐक. पूल लाल दिसला की सगळे टॅक्सीवाले फाटकावरून जातात. पुलावर पळणारी डबी एकही उरत नाही. मग पूल मोकळा आहे हे यंत्राला सांगणार कोण?”

“पण त्या तीस डब्या आहेत कुठे?” पानाने डोकं खाजवलं.

“ते तुम्ही शोधा,” आजोबा म्हणाले. “माझे गुडघे दुखतात.”

मग पाळत सुरू झाली. एकाने गच्चीवरून पूल बघायचा, एकाने फोन, आणि ठिपकीने वहीत लिहायचं. सोमवारची अर्धी दुपार आणि अख्खा मंगळवार तिघंही गच्चीवर भाजून निघाली. भोंगा दर दहा मिनिटांनी “रिकामाऽऽ!” असं ओरडायचा आणि रस्त्यावरची माणसं वर बघायची.

मंगळवारी संध्याकाळी ठिपकीने वही उघडली आणि तिचे डोळे विस्फारले.

“हे बघा! सकाळी सव्वादहाला पूल लाल. एक वाजून सहा मिनिटांनी एकदम हिरवा. दोन वाजता परत लाल. सहाला हिरवा. कालही दुपारी दोनपासून सहापर्यंत अस्संच!”

“एक ते दोन हिरवा?” पाना पुटपुटला. “एक ते दोन तर सगळे...”

“जेवतात!” भोंगा ओरडला. “गर्दी जेवायला जाते!”

तिघंही खो खो हसत सुटली. पण हसता हसता ठिपकी थांबली. रस्त्यावरची खरी गर्दी हळूहळू सुटते, पुढची गाडी हलली की मागची. ही मात्र दिवा विझावा तशी विझत होती. आणि बुधवारी तर कहरच झाला. दिवसभर पूल हिरवागार! एकही तांबडा ठिपका नाही.

“दर बुधवारी पुलाखालची दुकानं बंद असतात,” पाना म्हणाला. “या गर्दीला आठवड्याची सुट्टीसुद्धा आहे!”

आता उरलं एकच काम. पुलाखाली रोज एकच्या ठोक्याला जेवायला जाणारा माणूस शोधायचा.

गुरुवारी पावणेएकला तिघं पुलाखालच्या रस्त्यावर हजर होती. पुलाच्या कडेने दुकानांची ओळ होती. टायरवाला पावणेएकलाच शटर ओढून गेला. पानाने फोन पाहिला, पूल लालच. छापखान्याचं यंत्र धडधडत होतं, तिथे कुणी उठायचं नावच घेईना. एक वाजून चार मिनिटं झाली आणि समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून एक जाडजूड काका खाली आले. कपाळावर चष्मा, हातात जेवणाचा डबा. जिन्याखाली विजेची पेटी होती. काकांनी तिचा दांडा धरला आणि, खटाक! वर पहिल्या मजल्यावरचे दिवे गेले. काका शीळ घालत निघून गेले.

तिघांची डोकी फोनवर आपटली. एक मिनिट. दीड मिनिट. दोन!

“हिरवाऽऽ!” भोंग्याने अशी आरोळी ठोकली की छापखान्यातला माणूस बाहेर आला.

जिन्यावर पाटी होती, ‘गाड्यांची विजेची यंत्रे बसवून व दुरुस्त करून मिळतील’.

“वर जायचं कसं? काय सांगायचं?” पानाने विचारलं.

ठिपकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “आजोबांचं खोकं!”

दोन वाजता तिघं वर्कशॉपच्या दारात उभी होती. आजोबांना विचारून आणलेलं ते लोखंडी धूड पानाने पोटाशी धरलं होतं आणि त्याची जीभ बाहेर आली होती. जाडजूड काका तिथले फोरमन होते. खोकं बघताच त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.

“अरे वा! हे कुठून पैदा केलंत? कॅसेटवालं! माझ्या वस्तादांकडे होतं असं एक!” त्यांनी खोकं टेबलावर घेतलं आणि ते जगाला विसरले.

पाना त्यांच्याशी चाकाच्या मोजणीबद्दल बोलत राहिला, आणि बोलता बोलता त्याला खरोखरच मजा वाटायला लागली. ठिपकी मात्र खोलीभर नजर फिरवत होती. खोलीला एकच मोठी खिडकी होती. खिडकीबाहेर, हात लांब केला तर शिवता येईल इतक्या जवळ, पुलाचा कठडा! आणि खिडकीला लागून एक लाकडी मांडणी. तीन फळ्या, प्रत्येकीवर दहा डब्या. प्रत्येक डबीवर गाडीच्या नंबराची चिठ्ठी आणि एक लुकलुकणारा हिरवा दिवा.

ठिपकीने मोजल्या. तीस!

“काका, हे दिवे का लुकलुकतात?” भोंग्याने अगदी भोळा चेहरा करून विचारलं. असा चेहरा करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

“त्या होय? जुन्यांच्या जागी बसवायच्या नव्या डब्या आहेत. गाडीत बसवण्याआधी दिवसभर चालू ठेवून बघतो, कच्ची निघाली तर इथेच कळावी. रोज तीसचा घाणा! जेवायला जाताना मेन स्विच बंद करतो तेवढाच. एकदा इथे टेबल जळालं होतं, तेव्हापासून नियम केलाय.”

“आणि चिठ्ठ्या?”

“ज्या गाडीत बसणार तिचा नंबर. नोंद झाली की त्या नंबरावर जुनीऐवजी ही नवी डबीच दिसते. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातून डबी आणायची, तपासायची आणि मग परत वर जाऊन तिची नोंद करायची, अशी पद्धत होती. म्हणजे रोज जिन्याच्या दोन फेऱ्या! दोन महिन्यांपूर्वी मी डोकं चालवलं. आधी सगळ्यांची नोंद करून टाकतो, मग खाली आणून तपासतो. एका फेरीत काम फत्ते!” फोरमनकाकांनी अभिमानाने पोटावरून हात फिरवला. “ही बघ, उद्याच्या घाण्यातली पहिली. अँब्युलन्स नंबर सात.”

पानाने ठिपकीकडे पाहिलं. ठिपकीने पानाकडे. आजोबांची ती युक्ती दोघांनाही एकदमच आठवली. गाडी रस्त्याबाहेर दिसली की उचलून जवळच्या रस्त्यावर ठेवायची! आणि इथून जवळचा रस्ता म्हणजे पूल!

“काका!” ठिपकीला राहवेना. “तुम्ही नोंद आधी करता, म्हणून यंत्राला वाटतं या खऱ्याखुऱ्या गाड्या आहेत आणि पुलावर उभ्या आहेत! सगळं शहर फाटकावरून चाललंय. अँब्युलन्ससुद्धा!”

फोरमनकाका आधी बघतच राहिले आणि मग गदागदा हसले. “अगं, या डब्या आहेत. गाड्या कुठायत इथे? डबी तपासणं माझं काम. नकाशा बघणं साहेबांचं. चला, पळा आता, मला कामं आहेत!”

“एकदा फोनवर बघा तरी...”

“पळा म्हटलं ना!”

तिघं जिना उतरली. पानाच्या कानशिलांवर रागाने लाली चढली होती. “उद्या शुक्रवार,” तो म्हणाला. “परवा आईची गाडी जाणार.”

“जात नाही,” ठिपकी म्हणाली. “ते काय म्हणाले ऐकलंस ना? उद्याच्या घाण्यात सात नंबर आहे.”

शुक्रवारी सव्वाबाराला ठिपकी आणि पाना अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये पोचली. भोंगा आजोबांबरोबर गच्चीवर होता, आजोबांचा फोन घेऊन. कंट्रोल रूममध्ये भिंतभर मोठी स्क्रीन होती आणि तिच्यासमोर सुपरवायझर साहेब. इस्त्रीचा शर्ट, खिशाला चार पेनं. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत असे साहेब.

“मुलांना इथे कुणी सोडलं?”

“दोनच मिनिटं साहेब!” ठिपकीने वही पुढे केली. “पुलावरची गर्दी खोटी आहे. ती दुपारी जेवायला जाते आणि बुधवारी सुट्टी घेते. सगळं लिहून आणलंय.”

गाड्यांशी बोलायच्या रेडिओपाशी बसलेल्या ताई फिस्सकन हसल्या. साहेब हसले नाहीत. “ही सगळी यंत्रणा मोठमोठ्या इंजिनियर लोकांनी केलीय. तुमच्या वहीने नाही. स्क्रीनवर आहे म्हणजे आहे!”

ठिपकीने वही मिटली, पण विचारलंच. “बरं साहेब. मग सात नंबरची गाडी आत्ता कुठे आहे?”

“हे बघ.” साहेबांनी बटण दाबलं. स्क्रीनवर एक ठिपका मोठा झाला. “पुलावर. गर्दीत अडकलीय. आणि परवानगीशिवाय गेलीय! बघितलंत? ही तुमची...”

“साहेब,” पाना म्हणाला, “जरा खिडकीतून खाली बघता?”

साहेब खिडकीशी गेले. खाली अंगणात, झाडाच्या सावलीत, सात नंबरची अँब्युलन्स उभी होती आणि आत्या बादलीत फडकं पिळून तिची काच पुसत होती.

साहेबांनी खाली पाहिलं. मग स्क्रीनकडे पाहिलं. मग पुन्हा खाली. ठिपकीने एका दमात सगळं सांगून टाकलं, वर्कशॉप, खिडकी, तीस डब्या, वाचवलेली फेरी, सगळं!

तेवढ्यात फोन घणघणला. रेडिओवरच्या ताईंनी तो उचलला आणि त्यांचा आवाज बदलला. “साहेब, पुलापलीकडे. बेकरीत एका कामगाराच्या छातीत दुखतंय, घाम सुटलाय. सात नंबरच जवळ आहे. स्क्रीन म्हणतेय फाटकावरून जा, पंचवीस मिनिटं. पुलावरून आठ.”

साहेबांचा हात माइकजवळ गेला आणि तिथेच थांबला. “पण पुलावर खरंच गर्दी असली तर?” ते पुटपुटले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज साहेबाचा वाटला नाही, घाबरलेल्या माणसाचा वाटला.

ठिपकीने पानाच्या हातातला फोन ओढला आणि गच्चीवर लावला. “भोंग्या! पूल?”

“रिकामाऽऽ आहेऽऽ!” फोन स्पीकरवर नव्हता, तरी अख्ख्या खोलीने ऐकलं. मागून आजोबांचा शांत आवाज आला. “एक टेम्पो आणि दोन सायकली. टेम्पो उतरलासुद्धा. पाठवा.”

साहेबांनी माइक उचलला. “सात नंबर! बेकरी, पुलापलीकडे. पुलावरून जा!”

अंगणातल्या आत्याने रेडिओ तोंडाशी धरला. “साहेब, माझी स्क्रीन फाटक दाखवतेय.”

“स्क्रीन गेली खड्ड्यात! मी सांगतोय, पुलावरून जा!”

बादली लवंडली, दार आपटलं, सायरन वाजला. सात नंबर अंगणाबाहेर पडली.

पुढची मिनिटं ठिपकी आयुष्यभर विसरणार नव्हती. भिंतीवरची सात नंबरची गाडी पुलावर तशीच उभी होती, आणि खरी कुठवर पोचली ते कुणालाच दिसत नव्हतं. फक्त भोंग्याचा आवाज येत होता. “चढली! मधोमध आहे! उतरली! उतरली!” पानाने टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की त्याची बोटं पांढरी पडली.

बारा मिनिटांनी रेडिओ खरखरला. “सात नंबर बोलतेय. पेशंट गाडीत. शुद्धीवर आहे, बोलतोय. पुलावरूनच परत येतेय.”

रेडिओवरच्या ताईंनी टाळी वाजवली. पानाने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. ठिपकीने ते पाहिलं, पण या खेपेला तिने त्याला अजिबात चिडवलं नाही.

दुपारी साहेब स्वतः मुलांना घेऊन वर्कशॉपचा जिना चढले. फोरमनकाकांनी खिडकीतून पूल पाहिला, साहेबांच्या फोनवरचा नकाशा पाहिला आणि मटकन स्टुलावर बसले. “एक फेरी वाचवायला गेलो,” ते म्हणाले, “आणि सगळ्या शहराला फेऱ्या घालायला लावल्या!” सहापर्यंत थांबायच्या भानगडीत न पडता त्यांनी सगळ्या डब्या बंद केल्या, तीसच्या तीस नोंदी रद्द करून आणल्या, आणि मुलांपुढे कान पकडले. त्यांनी मनापासूनच पकडले होते, म्हणून ठिपकीचा राग लगेच गेला.

शनिवारी साहेबांच्या खोलीत निर्णयाची बैठक भरली. साहेबांनी तिन्ही नोटिसा सगळ्यांसमोर परत घेतल्या आणि तसं कागदावर लिहून दिलं. मग त्यांनी घसा खाकरला.

“या मुलांनी जे चार दिवसांत पाहिलं, ते मला दोन महिन्यांत दिसलं नाही. कारण मी बघितलंच नाही. शाबास पोरांनो! बोला, काय हवं तुम्हाला?”

“मला सायरन वाजवायचाय!” भोंगा म्हणाला.

“त्याची तुला गरज आहे का रे?” आजोबा म्हणाले आणि सगळे हसले.

ठिपकी मात्र विचार करून बोलली. “साहेब, ड्रायव्हरला यंत्र सांगतं. पण ड्रायव्हरला यंत्राला काही सांगताच येत नाही. स्क्रीनवर एक बटण हवं. ‘मी इथे आहे आणि रस्ता मोकळा आहे.’ ते कुणी दाबलं तर त्याला नोटीस द्यायची नाही. आभार मानायचे.”

साहेबांनी खिशातल्या चारांपैकी एक पेन काढलं आणि ते खरोखरच लिहून घेतलं.

“कॅसेटपासून इथवर आलं यंत्र,” आजोबा हळूच म्हणाले. “आता माणसाचं ऐकायलाही शिकेल. शिकवणारं कुणीतरी लागतं, एवढंच.”

बाहेर आल्यावर आत्याने तिघांना सात नंबरच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसवलं. तिने स्वतः स्टिअरिंगवर हात ठेवले.

“तुम्हाला एक सांगू?” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात मी कुणालाही न सांगता डोळे तपासून आले. लांबून मला पूल रिकामाच दिसायचा. मला वाटलं, सगळ्यांना गर्दी दिसते आणि मलाच दिसत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलंय. सोळा वर्षांत पहिल्यांदाच मला गाडी चालवायची भीती वाटली.”

ठिपकीने आत्याचा दंड घट्ट धरला.

“मग डॉक्टर काय म्हणाले?” शेवटी भोंग्याने विचारलं, आणि तेही चक्क हळू आवाजात.

“म्हणाले, डोळे एकदम चांगले आहेत. पण माझा त्यांच्यावर विश्वास बसला नव्हता.” आत्याने गालावरचं पाणी पुसलं आणि ती हसली, अगदी तिच्या नेहमीच्या खोडकर हसण्यासारखी. “आज बसला!”

रेडिओ खरखरला. सात नंबरसाठी फोन होता. “उतरा रे, उतरा!” म्हणत आत्याने तिघांना भराभर खाली उतरवलं आणि किल्ली फिरवली.